गिलासभर पाणी प्यायल्यावर

बाबा, मी घाबरले आहे. दोन मुलांची आई, वाशीमच्या स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी दार लावून बसले आहे, आणि सांगायला बसले कोणाला तर तुम्हाला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. परवा तुमचा धाकटा कारंज्याहून मुद्दाम आला. आईसोबत माझ्या घरी आलेला तुमचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याने माळ्यावरून काढला, चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन गेला. "तायडे, याले वाजवतोच मी आता," म्हणाला. व्हॉल्व्ह सगळे मेलेले, ते काढून टाकणार आणि नवे कुठून तरी मागवणार. तोवर कंडेन्सर बदलून नुसता सप्लाय तपासून पाहतो, म्हणाला. मी त्याला चहा दिला, चिवडा बांधून दिला. सांगायचं ते तेवढं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

तुम्ही तो बांधला तेव्हा मी आठवीत होते. लोक टेपरेकॉर्डर घ्यायला लागले होते आणि तुमच्या दुकानात जुने रेडिओ भंगाराच्या भावात येऊन पडत होते. त्यांचे काचेचे व्हॉल्व्ह तुम्ही कापसात ठेवायचात. लोहाराकडून पत्रा वाकवून आणला. ट्रान्सफॉर्मरची तार स्वयंपाकघरात बसून गुंडाळली. वेढे मोजायला आई होती. मोजता मोजता दूध उतू गेलं आणि आकडाही गेला, तेव्हा तुम्ही मुकाट्याने सगळी तार उलगडून पुन्हा सुरुवात केलीत. पण वाजला काय तो! बटण दाबल्यावर आवाज लगेच यायचा नाही. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे, मग झोपेतून उठल्यासारखा आवाज यायचा. जयंतीच्या आठवड्यात आपली अख्खी गल्ली ओट्यावर ऐकत बसायची.

तो उघडायची तुमची एक रीत होती. बटण बंद करायचं, पिन काढायची, मग बसून गिलासभर पाणी प्यायचं, घोट घोट. गिलास रिकामा झाला की उजवा हात आत, आणि डावा पाठीमागे. एकदा मी धूळ पुसायला दोन्ही हात आत घातले. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला. "मरतं काय, पोट्टे? एक हात मांगं! इकून तिकडं करंट गेला त मधात काळीज असते." मग थोडे नरमून म्हणालात, "याच्यातला हर पार्ट बोलते, बाई. कोणालेच उगीच हात लावाचा नाही."

मला त्या धपाट्याचा फार राग आला होता. नाकावर राग, हे तुमचंच देणं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात. संच रात्रीपासून बंद होता. मी तो उलटा केला आणि खालच्या कोपऱ्यातला एक तपकिरी रेझिस्टन्स कटरने कापून काढला. मग चालू करून पाहिला. आवाजात काडीचा फरक नाही. बाबा खोटं बोलतात, असा मला केवढा आनंद झाला. तो तुकडा मी कंपासपेटीत ठेवून दिला.

त्यानंतर दोन दिवसांनी संच खरखरायला लागला. तुम्ही व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवले, चालू करून मीटर लावला, बंद केला. पिन काढली. पाणी प्यालात. मी समोरच गणितं करत बसले होते. तुमचा डावा हात पाठीमागे जातो, उजवा आत जातो, आणि फट् असा आवाज होऊन तुम्ही स्टुलासकट खाली पडता. ओठ काळेनिळे. बऱ्याच वेळाने उठून बसलात तेव्हा तुम्ही आधी त्या गिलासाकडे पाहिलंत. "पानी कमी पेलो असीन म्या. जयंतीची घाई झाली."

त्या जयंतीला आपली गल्ली मुकी राहिली. पुढे डाग द्यायला तापलेली कैया हातात धरली की तुमची बोटं थरथरायची, डाग नीट बसायचा नाही. दुकानात तुम्ही सेल आणि टॉर्चचे बल्ब विकत बसलात. कोणीही विचारलं की एकच उत्तर, "माहीच चूक." मी ते दाराआडून ऐकायचे.

तो तुकडा काय काम करतो हे मला कॉलेजात कळलं. बटण बंद केलं तरी कंडेन्सर करंट धरून बसतो, माठ पाणी धरतो तसा. व्हॉल्व्ह गरम असले तर ते तो करंट पिऊन टाकतात. ते काढलेले असले तर एकटा तो रेझिस्टन्स कंडेन्सरला हळूहळू रिकामा करतो. तुमचं गिलासभर पाणी म्हणजे त्याला दिलेला वेळ होता. त्या तुकड्याला बोलायचं नव्हतंच, राखण करायची होती.

आणि धाकट्याला तुमची रीत पाठ आहे. तोही व्हॉल्व्ह काढेल, चालू करून पाहील, बंद करेल, पाणी पिईल, आणि निर्धास्त हात घालेल. हे मला परवा चहा गाळतानाच कळलं होतं. तरी दोन दिवस मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. भीती त्याच्या जिवाची होती, आणि त्याच्या एका प्रश्नाचीही. कुठली जास्त होती हे विचारू नका.

आज सकाळी केला फोन. त्याने उचलला. "आत हात घालू नको," मी ओरडलेच, "खालच्या कोपऱ्यातला रेझिस्टन्स त्यात नाही."

"आता पानीच पिऊन राह्यलो होतो," तो म्हणाला. "पन तुले कसं माहीत?"

तो तुकडा आत्ता माझ्यासमोर आहे. हे पत्र त्याच्यासोबत त्याच कंपासपेटीत जाईल, दुसरीकडे कुठे टाकणार? पण एवढं तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मी त्याला म्हटलं, "बाबांनी सांगितलं होतं."

"म्हंजे बाबाले माहीत होतं," तो म्हणाला, "तरी हात घातला?"

मी हो म्हणाले, बाबा.