सपाट बुडाचे टॅपेट

१० मार्च

पुन्हा तोच वाद. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडायला धक्का देणारे टॅपेट बाबांना सपाट बुडाचे हवेत, मला बुडाशी चाक असलेले, रोलरवाले. गाडी व्हर्नन टीगची, एकोणसत्तरची नोव्हा. इंजिनावर सुपरचार्जर बसणार — आणि हा शाळेची बस चालवणारा माणूस त्याच गाडीतून किराणा आणणार! म्हणजे सिग्नलला शांत उभी राहायला हवी आणि मोकळा रस्ता दिसला की सुटायला हवी. रोलरला घासून बसवायची कटकट नाही, एवढंच माझं म्हणणं. बाबा म्हणाले, "मी सपाटवर इंजिनं बांधत होतो तेव्हा तू दुपट्यात होतीस, लोर्ना."

ब्याऐंशी वर्षांचे आहेत. हात थरथरतात, डोळ्यांचं तर बोलायलाच नको. ग्लेनचं कोलंबसहून फोनवर एकच पालुपद — आमच्या इंजिनांच्या दुकानाची किल्ली काढून घे त्यांच्याकडून. "बोट तुटल्यावर घेणार आहेस का?" भावाला लांबून सल्ला द्यायला काय जातं! मी म्हटलं, बघू. गेलं वर्षभर बघूच म्हणतेय.

१३ मार्च

स्प्रिंगांवर मात्र एकमत. सुपरचार्जर हवा कोंबतो, ती हवा व्हॉल्व्हला मागून ढकलते — मऊ स्प्रिंग असली तर तो नीट मिटतच नाही. म्हणून दुहेरी, कडक. धूर सोडणारे व्हॉल्व्ह आच सोसणाऱ्या धातूचे. टॅपेटचा धक्का वर पोचवणारे पुशरॉड जाड. कॅमशाफ्टवर, म्हणजे टॅपेटांना उचलणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्यावर, मी हरले. सपाटच. भांडायला अंगात त्राण हवं ना! बाबांनी खुशीत दोनदा नूडल-सूप वाढून घेतलं.

२४ मार्च

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. सपाटचा नियमच आहे — आतल्या स्प्रिंगा काढून ठेवायच्या आणि पहिला अर्धा तास इंजिन चढ्या आवाजात चालवायचं, मंद होऊ द्यायचं नाही. तेवढ्या वेळात प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमच्या उंचवट्याशी घासून जुळतो. एकदा जुळला की दुसरीकडे चालत नाही. बाबा काठी टेकून कान लावून उभे. शेजारचा टायरवाला ओरडत आला, "एमिल, दफनभूमीतले उठून बसतील की रे!" बाबा हसले. किती दिवसांनी.

टॅपेट काढून बुडं पाहिली. छान जुळलीत. अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओळीने ठेवले, प्रत्येकाच्या खाली पुठ्ठ्यावर त्याच्या जागेचा आकडा घातला.

२५ मार्च

बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सगळं माझ्यावर. मी जेवले का तेही आठवत नाही.

२६ मार्च

बाबांनी टॅपेट परत बसवले, मी आतल्या स्प्रिंगा घातल्या. व्हर्नन गाडी घेऊन गेला.

३१ मार्च

व्हर्नन परत आला. टकटक. वाटलं, व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर ढिला असेल. मग तेलात धातूची चकाकी दिसली. उघडलं तर कॅमचे चार उंचवटे पार झिजून गेलेले. टॅपेट आपापल्या जागी नव्हतेच! बसवले होते बाबांनी.

व्हर्नन आणि बाबा बाहेर बाकावर बराच वेळ बोलत बसले होते. तो गेल्यावर मी विचारलं, "बाबा, आकडे पाहिले होते ना तुम्ही?" ते फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडूनच मिसळले असणार. दिसत नाही गं आता."

मला राग आला. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की किल्लीचं आता मला ठरवावं लागणार नाही. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

६ एप्रिल

ग्लेन आला. त्याने तोंड उघडायच्या आत बाबांनी किल्ली जुडग्यातून काढली आणि ॲपल-पायच्या ताटलीशेजारी ठेवली. "घ्या. दोघंही सुखी व्हा." ग्लेनने सुस्कारा सोडला. मी भांडी घासायला उठले.

९ एप्रिल

रोलर मागवले. वेगळा कॅम, वेगळ्या स्प्रिंगा, आखूड पुशरॉड. सगळं माझ्या मनासारखं. कुणी नाही म्हणायला नव्हतं. सकाळी निघताना पाहिलं तर बाबा दुकानाचा शर्ट घालून खिडकीत बसलेले. विचारलं नाही.

१८ एप्रिल

इंजिन झकास चालतंय. कसलाच आनंद नाही.

२५ एप्रिल

ड्राइव्ह-इन सिनेमाच्या मैदानात आज सगळ्यांनी बॉनेटं उघडून गाड्या लावल्या होत्या. व्हर्ननच्या नोव्हाभोवती ही गर्दी. त्याने मला बाजूला घेतलं.

"एमिलने शपथ घातली होती, पण मला झोप लागत नाही. ते डॉक्टरकडे गेले होते त्या दिवशी मी आलो होतो. तू तो अंड्यांचा पुठ्ठा रॉकेलच्या डब्यात उपडा केलास, आतलं सगळं धुतलंस आणि हाताला येईल तसं परत भरलंस. मला काय कळतंय त्यातलं! टकटक लागली तेव्हा त्यांना सांगितलं. तर म्हणाले, गप्प राहा. माझं संपत आलंय, तिला अजून इंजिनं बांधायचीत. स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला तर ती काय करेल?"

बाबा स्वयंपाकघरात रेडिओवर बेसबॉल ऐकतायत. मी गाडीतच बसून हे लिहितेय. आत जायचं धाडस होत नाही.