ओव्याची धुरी

बाबा, परवा धाकट्याकडे गेले होते. त्याच्या सुनेनं देवापाशी धूप लावला, तर यानं ओरडून तो उचलला आणि पार गॅलरीबाहेर भिरकावला. साठी उलटली तरी छाती तशीच नाजूक आहे त्याची, आणि आवाज थेट तुमचा.

नागपूरला गांधीबागेत, कापडाच्या दुकानामागे आपल्या दोन खोल्या. खाटेखाली कापडाची थानं, माळ्यावर थानं, नव्या कापडाच्या खळीची धूळ सगळीकडे. दमा गार वाऱ्यानं उठतो असं तुमचं ठाम मत. म्हणून थंडी पडली की तुम्ही खिडक्यांना पोती ठोकायचात. आत दगडी कोळशाची शेगडी धुमसायची. धाकट्याचा दम वाढला की आणखी एक पोतं. तरीही उतार पडला नाही, की ओव्याची धुरी.

एका रविवारी दुपारी तो सहा वर्षांचा आहे, मी बारा. तुम्ही त्याला गोधडीखाली घालून निखाऱ्यांच्या घमेल्यावर वाकवलंय, मान दाबून धरलीय. तो लाथा झाडतो, तुमच्या मनगटाला चावतो. आई रडत रडत निखाऱ्यांवर ओवा टाकते. आधी छातीची शिट्टी ऐकू येत होती, मग तीही येईना.

"बाबा, सोडा ना त्याले. मरून राहिला तो."

"गप बस वं. धूर आत गेल्याबिगर कफ सुटत नाही."

मी घमेल्याला लाथ घातली. निखारे तुमच्या पायावर सांडले. तुम्ही कापड मोजायचा लोखंडी गज उचललात आणि मनगटाचं हाड मोडेपर्यंत मला बडवलंत. तेवढ्यात आईनं पोराला उचलून रस्त्यावर नेलं. तिथे, गार वाऱ्यात, त्याचा श्वास परत आला.

धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे आपण तिघंही पेशंट. "काहून पोराचा जीव घेऊन राहिले?" ते तुम्हाला म्हणाले. धूर बंद, शेगडी बाहेर, कापड बाहेर, खिडक्या उघड्या. माझा हात पाहिला तेव्हा तुम्ही म्हणालात, पडली. स्वतःच्या पायाचं म्हणालात, घमेलं हातातून सुटलं.

घरी येऊन तुम्ही पोती खिळ्यांसकट उपटलीत, बोटं रक्ताळली. थानं दुकानात फेकलीत. आईनं चार दिवसांनी शेगडी पुन्हा आत पेटवली, तर ती रस्त्यावर आपटून फोडलीत. प्रेमानं एक गोष्ट करता आली नाही तुम्हाला. पण महिनाभर लंगडत, रोज सकाळी, ओल्या फडक्यानं फरशी तुम्हीच पुसलीत, कारण झाडूनं धूळ उडते. पोरगा वाचला तो त्यामुळेच, हे मला मान्य आहे.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. घमेलं बाजूला ओढता आलं असतं मला. मी तुमचा पाय बघून लाथ घातली. तुम्ही लंगडत फरशी पुसायचात तेव्हा मी खाटेवर बसून बघायची, आणि मला बरं वाटायचं.