पिवळी पन्नी

रविवार, संध्याकाळ. घमापुर.

डोकं अजून तापलेलंच आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाचं निर्माल्य सोडायला आईसोबत ग्वारीघाटावर गेलो होतो. हार, फुलं, सगळं मिठाईच्या दुकानाच्या पिवळ्या पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत. आईनं गाठ मारली, हात जोडले आणि पन्नीसकट नर्मदेत सोडून दिलं.

"आई, फुलं सोड नं, पन्नी काहून टाकून राहिली?"

"बेटा, मैया सब समेट लेती है," बाजूला पूजा सांगणारा पंडा म्हणाला. आई माझ्याकडे, जसं काही मी बाबांनाच पाण्यात अडवलं, तशी पाहत होती.

मी जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो. भर समुद्रात, जिथं पाहायला कोणी नाही, तिथंही प्लास्टिकचा तुकडा पाण्यात टाकता येत नाही. साऱ्या जगातल्या जहाजांना हाच नियम. मागच्या फेरीत आमच्या स्वयंपाक्यानं कांद्याची रिकामी प्लास्टिकची थैली समुद्रात टाकली, तर पुढच्याच बंदरात त्याले उतरवून घरी पाठवलं. जाताना रडत होता बिचारा.

आणि इथं माझ्याच घरची पिवळी पन्नी डुलत चालली होती. नाववाल्याले हाक मारली असती तर पन्नी बाहेर निघाली असती. नाही मारली. कोणाले भ्यालो मी? आईले? की पंड्याले?

परतताना ऑटोत न राहवून विचारलं, "ती पन्नी शेवटी कुठं जाईल, माहीत आहे?"

"समुद्रात," आई बाहेर पाहत म्हणाली. "तिथं तुमचे नियम आहेत नं? मग तुम्हीच उचला."