शेजारच्या मांडवातला आवाज

वस्ताद, आमच्या नव्या अँटेनाचा खरा खर्च आज मांडून पाहिला. सात महिने गेले, इंदिरानगरातल्या एका सोसायटीची गच्ची दोनदा गळकी झाली, सेक्रेटरीबाईंनी मला जिन्यात गाठून सुनावलं, आणि आमच्याकडची सगळ्यात हुशार इंजिनिअर मुलगी राजीनामा टेबलावर ठेवून घरी गेली. पैशांचं सोडा, ते येतात-जातात. ती मुलगी मात्र परत येईल असं वाटत नाही, म्हणून तुमची आठवण काढून बसलोय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली.

तुम्हाला हे चटकन समजेल, कारण हे तुमचंच मांडवात भोंगे लावायचं काम आहे, फक्त भोंग्याऐवजी मोबाईलचा टॉवर. पूर्वी टॉवर चहूकडे सारखाच ओरडायचा. आता एका पाटीवर चौसष्ट छोटे अँटेना बसवतात आणि एकेका मोबाईलकडे नेम धरून बोलतात. पण नेम धरायचा तर मोबाईल कुठे आहे, वाटेत कुठल्या भिंती आहेत, हे आधी कळायला हवं. त्यासाठी मोबाईल अधूनमधून एक ठरलेला संदेश पाठवतो, टॉवरलाही पाठ असलेला. आपलं ‘हॅलो, एक, दोन, तीन’च म्हणा. तो कसा वेडावाकडा होऊन पोचला, यावरून टॉवर वाट ओळखतो. अडचण अशी की असे संदेश मोजकेच असतात. शेजारच्या टॉवरखालचा मोबाईलही त्याच वेळी तेच म्हणत असतो. दोन्ही एकात एक मिसळतात आणि आमचा अँटेना अर्धा नेम परक्याच मोबाईलवर धरून बसतो. चौसष्टचे एकशे अठ्ठावीस केले तरी तेच. कान वाढले, पण ऐकू दोघांचंही जास्त येतं.

हे इतर कुणाला नाही तरी मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. देवळाली कॅम्पजवळच्या वस्तीतला तो जयंतीचा कार्यक्रम आठवतो? मी चोवीस वर्षांचा, कारखान्यातून कमी केलेला, तुमच्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झालेले. दुपारचे चार वाजलेत. तुम्ही स्टेजमागे ॲम्प्लिफायरपाशी, मी मैदानाच्या टोकाला लिंबाखाली उभा. आवाज स्वच्छ आला की हात वर करायचा, एवढंच माझं काम. शेजारच्या गल्लीतही मांडव आहे, तिथेही तेच हॅलो, तेच एक-दोन-तीन चाललंय. मला खणखणीत ऐकू येतं, मी हात वर करतो. तुम्ही बटणं तिथेच ठेवून चहाला जाता. संध्याकाळी वस्तीतली पहिली मुख्याध्यापिका झालेली बाई बोलायला उभी राहते, आणि मागच्या रांगांना तिचे नुसते ओठ हललेले दिसतात. तुम्ही धावत येऊन आवाज वाढवता, तर भोंगा किंचाळतो. मागच्या बाया पोरं काखेला मारून चालू लागतात. ज्यांच्यासाठी ती बोलायला आली होती, त्याच. कमिटीचे अध्यक्ष सगळ्यांसमोर तुमच्यावर घसरले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “चूक माझी हाय, साहेब. याचा काय संबंध नाय.”

वायरी गुंडाळताना मात्र हळूच म्हणालात, “कान लय तिखट हाय तुझा. पण आवाज आला म्हणून तो आपलाच असतो असं नाय.” दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एक-दोन-तीन सोडलं आणि सासुरवाडीच्या वाटेवरची स्टेशनं म्हणायला लागलात: देवळाली, नाशिकरोड, निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव. लोक हसायचे, आली बघा पॅसेंजर म्हणायचे. तुमचा मांडव पुन्हा कधी चुकला नाही.

आमच्या चाचणीच्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीची माणसं गच्चीवर उभी होती. आमचा एकटा अँटेना चालू होता तोवर सगळं झकास. समोरच्या इमारतीवरचा दुसरा चालू केला आणि आकडे कोसळले. मी त्या मुलीला सगळ्यांदेखत म्हणालो, “तुमचं गणित कच्चं आहे, मॅडम.”

“सर, मी लिहून दिलंय,” ती म्हणाली.

लिहून अँटेना चालले असते तर कारकुनांनीच टॉवर उभारले असते, असं मी सुनावलं. पाहुणे हसले. ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी दाढी करताना मला तो लिंब आठवला. लगेच सगळ्यांना जमवलं, तुमची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि छाती काढून म्हणालो की त्यांचे कॉम्प्युटर सात महिने जे शोधत होते, ते या कानाने केव्हाच शोधून ठेवलंय. प्रत्येकाला वेगळा संदेश देता येणार नाही, तेवढे नाहीतच. पण एकाच बाजूने ऐकू येणाऱ्या दोन मोबाईलना तरी एकच संदेश देऊ नका. बाजू वेगळी असेल तर चौसष्ट कान त्यांना वेगळं ओळखतील. टाळ्या पडल्या. त्या मुलीने दुपारपर्यंत तसं करून दाखवलं. इतक्या लवकर कसं, हे मी विचारलं नाही. आकडे चढले, आणि संध्याकाळी तिने राजीनामा दिला. घरगुती कारण, असं लिहिलंय. मला वाटलं, बोलण्याचा राग असेल, उतरेल.

आज खर्च मांडायला जुनी फाईल काढली. उद्या सकाळी चहाला सगळे जमतील, तिलाही बोलावलंय. सगळ्यांदेखत चूक माझी म्हणायचं आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं, ‘चूक’पर्यंत आलो आणि कंगवा उचलून केस विंचरायला लागलो. तुम्हाला ते एका दमात कसं जमलं, हे विचारायचं राहून गेलं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला आधी सांगतो. कुठला मोबाईल कुठल्या बाजूला, कुणाला कुठला संदेश, सगळं तिच्या अहवालात चौथ्या पानावर आकृतीसकट आहे, चाचणीच्या दोन महिने आधीचं. पहिल्या पानावर ‘वाचले’ असं लिहून मी सही केली आहे. ते पान मी उलटलंही नव्हतं.