नमदा लावलेली पेटी

मी, नाउम थिमी प्रिफ्ती, वय एकसष्ट, धंदा पत्र्याचं काम, राहणार कोर्चा. छाती खोकून खिळखिळी झाली आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली करायचं ते गेल्या वर्षीच करून बसलो.

कलम एक. पुतण्या पांडेली याला माझ्या दुकानातला भिंतीचा खिळा द्यावा. त्यावर त्याने आधी आमच्या राजाची, मग इटलीच्या राजाची आणि आता टोपीवर तारा लावलेल्या साहेबांची तसबीर टांगली. खिळा मजबूत आहे, पुढेही उपयोगी पडेल. बाकी त्याला काहीही देऊ नये.

कलम दोन. राहतं घर, अंगणातली तुती आणि सगळी हत्यारं एवदोकियाला. ती माझा मित्र वांजेल टोपीवाला याची विधवा. कारण लिहिणं भाग आहे. गेल्या डिसेंबरच्या निवडणुकीत मतदाराला एक रबरी चेंडू मिळायचा. मूठ दोन्ही पेट्यांत घालायची आणि चेंडू एकीत सोडायचा, म्हणजे कोणाला कळू नये. एक पेटी सरकारची, दुसरी विरोधाची. दोन्ही मीच केल्या. पांडेली म्हणाला, "काका, आपल्या सरकारी पेटीला आतून नमदा लावा. दुसरीला कशाला? उगाच वाया जायचा."

मी मान डोलावली. त्या मानेची मला शिसारी येते.

टोप्यांसाठी लागणारा तो जाड लोकरी नमदा वांजेलच्याच दुकानातून आणला. त्याने विचारलं, "अरे, एवढ्यात दोन्ही पेट्या होतील?"

"होतील की," मी म्हटलं.

मतदानाला आम्ही एकाच रांगेत होतो. माझा चेंडू गुपचूप पडला. वांजेलचा टण्णकन वाजला. पेट्यांपाशी सरकारतर्फे बसलेल्या पांडेलीने मान वर न करता वहीत काहीतरी लिहिलं. वसंतात वांजेलला सक्तमजुरीवर दलदल उपसायला नेलं आणि उन्हाळ्यात त्याची टोपी तेवढी परत आली.

हे एवदोकियाला काल सांगितलं. ती म्हणाली, "नाउमभाऊ, हे त्याला तेव्हाच सांगितलं असतंत तर माझा माणूस घरात असता. तुमचं घर घेऊन मी काय करू?" तिने नाहीच घेतलं तर घर बंद राहू द्यावं, पण पांडेलीने उंबरा ओलांडू नये.

कलम तीन. माझी शवपेटी मी पत्र्याची करून ठेवली आहे. तिला आत-बाहेर कुठेही कापड लावू नये. माती टाकणाऱ्या प्रत्येकाची मूठ वाजली पाहिजे. एवदोकिया येईल की नाही, ठाऊक नाही. आली, तर तिला खडे निवडू द्यावेत.

साक्षीदार: पाद्री सोतिर, रूशान कॉफीवाला. दोघेही त्या रांगेत होते आणि दोघांनीही तो आवाज ऐकला होता.

सही: नाउम थिमी प्रिफ्ती
कोर्चा, ११ डिसेंबर १९४६