मामीची दाढ

२ जून

चि. घुशीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मामीला जाऊन चार महिने झाले. मी बरा आहे. वेळेवर जेवतो.

कपाट आवरताना डबीत तिची काढलेली दाढ मिळाली. उत्खननात सापडलेल्या माणसाच्या दातावरून तो लहानपणी कुठे वाढला ते कळते, असे तू एकदा म्हणाली होतीस. तेव्हापासून तिने ती जपली असणार. मला बोलली नाही.

ती चार वर्षांची असताना डोंगरातल्या अनाथाश्रमात आली. आधीचे कुणालाच ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यापासून जन्मस्थळापुढे ‘अज्ञात’. मृत्यूच्या दाखल्यासाठी ते मलाच सांगावे लागले. डोक्यातून जात नाही. दाढ पाठवत आहे. जमेल का?

कडाक्याच्या थंडीतही तिला पंखा लागे. आवाजावरून मी कुरकुरायचो. आता पंखा बंद असतो, आणि झोप नाही.

खड्ड्यात जपून उतर. तुझ्या आईला आठवण सांग.

तुझा मामा


३० ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

उत्खननाचे आमचे सर आधी म्हणाले, तीन हजार वर्षांच्या आतले गिऱ्हाईक आपण घेत नाही. मग स्वतःच दाढ तपासायला पाठवली.

बाळपणी पोटात गेलेल्या अन्नपाण्याची खूण दाढेच्या कवचात कायम राहते. मामीची पहिली वर्षे समुद्रकाठी गेली, मामा. गाव कळत नाही, आईवडील तर नाहीच. आमचे असेच असते. इथे काळी-तांबडी मडकी निघाली, म्हणून तो अख्खा काळ ‘काळ्या-तांबड्या मडक्यांचा’. ती माणसे स्वतःला काय म्हणत, देव जाणे. उद्या कुणी तुला ‘स्टीलच्या डब्यांच्या काळातला’ म्हणेल! खोटे नाही, अपुरे आहे.

पंख्याचा आवाज आणि लाटांचा, हे तुझ्या मनात येईलच. पुरावा म्हणून मांडले तर सर माझा कान धरतील. माझ्याही मनात आले.

दाढ डबीतून परत पाठवते आहे. डबीवर आमची नेहमीची चिठ्ठी लावली आहे, तिच्यात मूळ ठिकाणाचा रकाना आहे. तो तुझ्यासाठी कोरा ठेवला आहे. माया असू दे.

तुझी घूस


६ सप्टेंबर

चि. घुशीस,
अनेक आशीर्वाद.

डबी पोचली. रकान्यात ‘समुद्रकाठ’ लिहिले.

पुढच्या महिन्यात डबी घेऊन समुद्रावर जाणार आहे. तूही ये. तिथे मात्र काही उकरू नकोस.

काल पंखा लावून झोपलो. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा जाग आली.

सरांना नमस्कार. आहे तशीच राहा.

तुझा मामा