क्रोशाच्या सुईने सुरू झालेली जावा

जुईनगर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप शेखरदादास,

नंदूचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण कालपासून डावा पाय नीट वाकत नाही. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? सुमित्रावहिनींनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. डब्यात तुझी चिठ्ठी नव्हती, तेही पोचलं.

बाबांनी मृत्युपत्रात जावा मोटरसायकल माझ्या नावे केली तेव्हापासून तू बोलत नाहीस. तुला त्यांनी टाकीवर बसवून गावभर फिरवलं, माझ्या हाती मात्र पुसायचं फडकं दिलं. शेवटी पुसणारीला गाडी मिळाली, एवढंच. पण तिची चावी तू 'बाबांची आठवण' म्हणून पुण्याला नेलीस आणि वर 'आता चालवून दाखव म्हणावं' असा वहिनींकडून निरोप धाडलास, तो मला लागला.

त्यात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी निशांत. मुलगा गुणी, पण पार्किंगच्या बाबतीत निर्दय. दसऱ्याला जी गाडी स्वतःच्या बळावर हलणार नाही ती भंगारात, अशी नोटीस त्याने काढली. नोटिशीत कुणाचं नाव नव्हतं, फक्त ती चिकटवली होती जावाच्या दिव्यावर.

मग मी कामोठ्याहून मारोती मेकॅनिकला आणलं. हा गृहस्थ "मॅडम, टेन्शन नको" म्हणाला की हमखास काहीतरी तुटायचं. दोन्ही सायलेन्सर माझ्या बाथरूममध्ये भिजत पडले होते आणि मी टॉवेल घेऊन शेजारच्या वैदेहीकडे आंघोळीला जात होते. (तिच्या सासूबाईंना अजून वाटतं, माझं पाणी तोडलंय.) रंगवाल्याने मरूनच्या इतक्या छटा दाखवल्या की मी डोळे मिटले, बाबांना आठवलं आणि एकीवर बोट ठेवलं. दादा, तोच रंग निघाला रे.

काल सकाळी सगळ्या गाड्या झेंडूचे हार घालून रांगेत उभ्या होत्या. तुला ठाऊकच आहे, चाकाखालचं लिंबू चिरडलं की पूजा पुरी. जावापुढेही लिंबू ठेवलं. तिचं कुलूप म्हणजे नुसतं एक भोक, त्यात खिळासुद्धा चालतो, असं मारोती छातीठोकपणे सांगत आला होता. ऐनवेळी त्याचा खिळा बारीक निघाला आणि निशांत भंगारवाल्याचा नंबर शोधू लागला. तेव्हा मी पर्समधून क्रोशाची सुई काढली, शाळेत सिस्टर फिलोमिनांनी शिवणाच्या तासाला दिलेली तीच. उलटी करून भोकात दाबली आणि दिव्यामागचा लाल ठिपका पेटला, म्हणजे गाडीत वीज आली.

पुढची गंमत म्हणजे जावाला किक मारायची जी दांडी, तीच वळवली की गिअरची होते. सिस्टर फिलोमिना एकाच पट्टीने समास आखायच्या आणि आमचे तळहातही, तसंच हे. त्यामुळे मला ते चटकन उमगलं. किका मारून पाय गेला, पण गाडी बोलली. मारोतीने पेट्रोलमध्ये ऑइल इतकं सढळ हाताने घातलं होतं की सोसायटीला वाटलं, डासांची फवारणी आली. खिडक्या लागल्या, वाळत घातलेले कपडे आत गेले. सी विंगमधले आजोबा बाल्कनीतून म्हणाले, "अहो, इकडेही मारा, फार डास झालेत." त्या धुरात मी गिअर टाकला (रोज स्कूटर चालवणारी बाई आहे मी, घाबरते की काय) आणि लिंबू फच्च. निशांतने खोकत खोकत नोटीस फाडली आणि म्हणाला, "आंटी, पुढच्या वर्षी रांगेत पहिला नंबर तुमचा."

तो आवाज आठवतो ना तुला? बाबा गल्लीत वळले की तू दाराकडे पळायचास आणि मी चहाचं आधण ठेवायला. काल गाडीवर मी स्वतः बसले होते, तरी क्षणभर वाटलं, उठावं आणि आधण ठेवावं.

तुझी विजयी बहीण,
नंदू

ता. क. लिंबू चिरडल्यावर गाडी तिथेच बंद पडली. धुरात निशांतला दिसलं नाही. आज मात्र गेटपर्यंत जाऊन आले, आणि परत येताना ढकलावी लागली नाही.

ता. क. २. सुई वाकली आहे. चावी कुरियरने पाठवू नकोस, घेऊन ये. टाकीवर बसण्याचं तुझं वय गेलं, पण मागची सीट रिकामी आहे. या वेळी पुढे मी.